करुणाने लिहिले आठ

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, दौंडच्या स्टँडवर. लोक कंट्रोलर म्हणत. गाडी किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार हे माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय माणसं पिशवी उचलत नसत. सतरा वर्षं हे काम केल्यावर वेळ आपल्याच खिशात आहे असं माणसाला वाटायला लागतं, मला तर जरा जास्तच वाटायचं. माझी बायको नीलम म्हणायची की सूर्यसुद्धा ह्यांची शिट्टी ऐकून उगवतो.

आकाश बघायचा नाद मला कसा लागला ते सांगत बसत नाही. लागला, एवढं खरं. जोडीला दोन माणसं मिळाली. एक सोपानराव, त्यांचा मळा कुरकुंभ रस्त्यापासून आत, जिथं आजूबाजूला एक दिवा नाही. फौजेतल्या भावानं दिलेली जाडजूड दुर्बीण त्यांच्याकडे होती. दुसरा माऊली, रेल्वेत पॉइंट्समन, रात्रपाळीची सवय असलेला आणि थंडीत कधीही न कुडकुडणारा. डिसेंबरातल्या अमावास्येच्या आठवड्यात आम्ही रोज मळ्यावर जमायचो. गावात हरिनाम सप्ताह बसतो तसा हा आपला ताऱ्यांचा सप्ताह, ही कल्पना सोपानरावांची. सात दिवस रोज पहारा, आणि शेवटच्या दिवशी काल्याऐवजी पिठलं-भाकरी. कृत्तिका मोजायच्या, मृगाच्या तलवारीतला धूसर डाग दुर्बिणीतून बघायचा, गुरूचे चंद्र शोधायचे, उल्का पडली की ओरडायचं. तिकडे शिरूरला जयसिंग म्हणून एक हौशी गडी दहा जणांना घेऊन हेच करायचा. सप्ताह संपला की दोन्हीकडच्या नोंदी एकत्र करून तो पुण्याच्या खगोल मंडळाला पाठवी.

त्या वर्षी आमच्यात चौथं माणूस आलं. स्टँडच्या फळ्यावर, हरवलेल्या पिशव्यांच्या खाली, मी चिठ्ठी लावली होती, ‘आकाशदर्शन सप्ताह. इच्छुकांनी नियंत्रण कक्षात भेटावे.’ दोन दिवस फक्त एक जण चौकशीला आला, त्याला वाटलं होतं सहल आहे. तिसऱ्या दिवशी करुणा आली. बावीस-तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नवीन लागलेली. तिचे वडील शंकरराव रेल्वेतून रिटायर झाले होते. तिला लुनावर मळ्यापर्यंत आणायचे, घोंगडी पांघरून बाजूला बसायचे आणि आकाशाकडे एकदाही न बघता झोपून जायचे.

करुणाचं काम, टायट्रेशन, मला तिनंच समजावून सांगितलं. काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध खालच्या चंबूत सोडायचं. चंबूतलं पाणी अगदी पुसट गुलाबी झालं, की त्याच थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सगळा हिशेब चुकला.

“समदं डोळ्यांवर हाय, काका,” ती म्हणाली. “सहा महिन्यांची ट्रायल हाय माझी. डिसेंबर संपला की एकतर कायम, न्हाईतर घरी.”

आता मुख्य गोष्ट. ययाती नावाच्या तारकासमूहात अल्गॉल म्हणून एक तारा आहे. एरवी तो चांगला ठळक असतो, पण दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी त्याला ग्रहण लागल्यासारखं होतं. काही तासांत तो हळूहळू मंद होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. कधी मंद होणार हे छापलेली एक परदेशी पुस्तिका मी मागवली होती. त्या आठवड्याच्या रविवारी आठ वीस, अशी वेळ तीत होती. पुढच्या दोन वेळा उजेडात पडत होत्या, म्हणून सोडून दिल्या. वेळापत्रक करणं माझ्या हातचा मळ. मी ते सुवाच्य अक्षरात काढलं आणि एक प्रत शिरूरच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर जयसिंगलाही धाडली.

नोंद करायची रीतही मीच घालून दिली होती. अल्गॉलच्या आसपासचे दोन तारे धरायचे, एक ठळक आणि एक फिका. अल्गॉल फिक्याइतका दिसला तर एक लिहायचं, ठळकाइतका दिसला तर दहा. रोजच्या रात्री तो आठ असतो. रविवारी तो एक किंवा दोनावर यायला हवा होता.

रविवारी आठला सगळे तयार. मी घड्याळ हातात घेऊन उभा.

“आठ दहा. बघा, उतरायला लागला,” मी म्हणालो. “आठ पंधरा. बराच उतरला. आठ वीस! लिहा.”

माऊलीनं लिहिलं दोन. सोपानरावांनी दोन. मी दोन लिहिलं, आणि कडेला ‘स्पष्ट मंद’ असा शेराही मारला. करुणाचा कागद बघितला तर त्यावर आठ.

“आठ?” मी म्हणालो.

“काय फरक न्हाई दिसला, काका. रोजच्यावानीच हाय.”

“अगं, सगळ्यांना दिसला. ठळकापेक्षा कितीतरी मंद आहे. नीट बघ.”

ती पुन्हा बराच वेळ बघत राहिली. मान दुखेपर्यंत बघितलं तिनं. “मला न्हाई वाटत,” ती हळूच म्हणाली.

मी हसलो. वाईट नाही हसलो, पण मोठा माणूस हसतो तसा हसलो. “डोळे तपासून घे एकदा, बाळ,” म्हणालो. “तरुण वयातही नंबर लागतो.” माऊलीनं मान डोलावली. कागद तसाच ठेवून आम्ही चहा घेतला. शंकरराव तेवढ्यात जागे झाले होते, त्यांनी हे ऐकलं.

सोमवारी कृत्तिका मोजल्या. नुसत्या डोळ्यांनी. मला सहा दिसतात, माऊलीला सहा, सोपानरावांना कधी सहा कधी पाच. करुणा म्हणाली, “नऊ.” मग तिनं आमच्या तोंडाकडे बघितलं. “न्हाई, सहाच असतील,” म्हणाली, आणि कागदावर सहा लिहिलं. मला बरं वाटलं. पोरगी शिकायला लागली, असं वाटलं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी सकाळी शंकरराव स्टँडवर आले. माझ्या खिडकीशी उभे राहून बराच वेळ बारामती गाडीची चौकशी करत राहिले. त्यांना बारामतीला जायचं नव्हतं.

“पोरीनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीया,” शेवटी म्हणाले. “डोळं तपासाय.”

“चांगलं केलं,” मी म्हणालो.

“कसलं चांगलं? परवापासनं लॅबमधी दर चंबू शेजारच्या पोराला दावती म्हनं. ‘गुलाबी झालं का रं?’ आसं इचारती. सायबानं बघितलं. महिनाअखेर हाय, कंट्रोलरसाहेब. आन् हिला झोप न्हाई.”

मी त्यांना धीर दिला. चष्मा लागला तर लागला, आजकाल हलक्या काड्या मिळतात, असलं काहीतरी बोललो. शंकररावांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि निघून गेले. पण माझं चुकलं असेल असं तेव्हाही मनात आलं नाही. चार जणांत तिघांना दिसलं, एकीला नाही, तर दोष कुणाचा? गाडी चुकली म्हणून भांडायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच हिशेब सांगत आलो होतो.

गुरुवारी सकाळी सोपानराव आले. डोळे तारवटलेले, पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल. त्या आठवड्यात त्यांच्या भागाला रात्रीची लाईट होती, म्हणून बुधवारचा पहारा लवकर उरकून रात्रभर गव्हाला पाणी दिलं होतं.

“कंट्रोलर, तुमचा तारा काल रातच्याला इझला की वो!”

“कुठला तारा?”

“त्योच, अल्गॉल. मी दारं धरत हुतो. वर बघितलं तर त्यो बारका झालेला. फिक्या ताऱ्यायेवढा. मी म्हनलं, च्यायला, हे काय? साडेधा वाजलं आस्तील. मग बारा-एकपातूर बघत हुतो, हळूहळू परत मोठा झाला.”

“शक्य नाही,” मी म्हणालो. “काल त्याची वेळ पाच नऊची होती. संध्याकाळी, उजेडात.”

“मंग उशिरा आला आसंल. तुमच्या गाड्या येत न्हाईत व्हय उशिरा?”

मी चिडलो. तारे काही डेपोतून सुटत नाहीत, असं म्हणालो. सोपानराव चहा पिऊन गेले आणि मी सरळ टेबलाचा खण उघडून पुस्तिका काढली. पाच नऊ आणि सोपानरावांचे साडेदहा. मधे जवळजवळ साडेपाच तास. साडेपाच तास म्हटल्यावर हात आपोआप थांबला. पुस्तिकेच्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की सर्व वेळा ग्रीनिचच्या आहेत.

आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी, सतरा वर्षं तालुक्याला वेळ सांगणारा, छापलेली वेळ आपल्या गावचीच असणार असं धरून चाललो होतो. रविवारी रात्री आठ वीसला काहीही घडलं नव्हतं. खरं ग्रहण मध्यरात्रीनंतर, दोनच्या जवळपास झालं, आम्ही सगळे घरी घोरत पडलो असताना. आठ वीसला अल्गॉल आठच होता.

खिडकीसमोर माणसं गाडी विचारत होती. मी नुसता बघत होतो. एका बाईला मी पुण्याच्या गाडीऐवजी करमाळ्याच्या गाडीत बसवलं, ती फाटकातून परत आली म्हणून बरं.

सोपानरावांना दुपारी निरोप धाडून बोलावलं आणि विचारलं, “रविवारी तुम्हाला खरंच दोन दिसला होता?”

ते ओशाळले. “खरं सांगू? मला कायबी दिसलं न्हवतं. तुम्ही म्हनला उतरला, म्या लिवलं दोन. आता तुमच्या शब्दाबाहेर कुठं जायाचं?”

माऊलीचंही तेच. रेल्वेत वरून हुकूम आला की रुळांचा सांधा बदलायचा, विचारायचं नाही, असं तो म्हणाला. दोघांनी माझं मन राखलं होतं. पण माझं काय? मी खोटं लिहिलं नव्हतं. मला तो खरंच मंद दिसला होता. त्या रात्रीचा मंद, केविलवाणा अल्गॉल आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो, आणि तो तिथं नव्हताच.

रात्री नीलमला सांगितलं. आधी वाटलं होतं, शनिवारी सात अठ्ठावीसला खरं ग्रहण आहे, तेव्हा करुणाला दाखवू, ‘बघ, आता दिसला ना?’ म्हणू, आणि रविवारचं कुणी काढायचं नाही. पोरगीही खूश, आपलीही लाज झाकली. नीलम भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला.

“म्हंजी तिनं जलमभर समजायचं का, रविवारी आपलं डोळं खराब हुतं म्हून?”

मी ताट पुढं ओढलं.

“उद्या सकाळी जाऊन सांगा,” ती म्हणाली. “आन् तिच्या आई-बापासमोर सांगा. बापासमोरच बोलला हुता ना?”

शुक्रवारी ड्यूटीच्या आधी शंकररावांच्या घरी गेलो. करुणा कंपनीत जायच्या घाईत डबा भरत होती. तिच्या आईनं, ताईबाईंनी, चहा टाकला. डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत असं सांगितलं होतं, पण त्यानं भलतंच झालं होतं.

“डोळं चांगलं हायत तर मंग तुमच्या समद्यांना दिसलं ते मला का न्हाई दिसलं, काका?” करुणा म्हणाली. “म्हंजी माझ्या डोक्यातच काय तरी हाय. काल तीन टायट्रेशन परत केली मी. तिन्ही बरोबर हुती, तरी परत केली. सायेब काय बोललं न्हाईत, पर बघत हुतं.”

मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. ग्रीनिच, साडेपाच तास, सोपानरावांचं पाणी, माऊलीचा हुकूम. “तुझे आठ बरोबर होते,” मी म्हणालो. “फक्त तुझेच बरोबर होते. चूक माझी.”

मला वाटलं, ती हसेल, किंवा रडेल. तिनं डब्याचं झाकण जोरात बसवलं.

“सोमवारी मला नऊ कृत्तिका दिसल्या हुत्या,” ती म्हणाली. “नऊ. तुमच्यामुळं मी सहा लिवल्या. त्यो कागद मला पायजे, मी दुरुस्त करनार.”

“करुणे, आसं बोलत्यात का मोठ्या मानसाला,” ताईबाई म्हणाल्या.

“बोलू द्या,” शंकरराव म्हणाले. घरात शिरल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले. “बरोबर बोलती ती.”

मग तिनं मला विचारलं, “सोपानमामांनी आन् माऊलीमामांनी उगं लिवलं. तुमी?”

“मला दिसला होता,” मी म्हणालो. दुसरं काही सांगता आलं नाही.

तिनं डबा पिशवीत ठेवला. तिचा राग उतरला होता, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. “आमच्या लॅबमधी सायेब सॅम्पलवर नाव लिवत न्हाईत,” ती म्हणाली. “नुसता नंबर. आत काय हाय ते आधी कळलं, की डोळं तसंच बघत्यात म्हनून. शनिवारी टायमिंग कुनाला सांगू नका, काका. मलाबी न्हाई.”

शिरूरच्या जयसिंगला एसटीडी बूथवरून फोन लावला. त्याला चूक सांगितली तर तो ऐकेचना.

“अहो, असं कसं? आम्ही अकरा जणांनी बघितला! आठ वीसला! सगळ्यांचे एक आणि दोन आहेत!”

“जयसिंगराव, तो आठ होता. आमच्यातल्या एका पोरीनं तेवढा बरोबर लिहिला.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “पंधरा माणसं,” जयसिंग शेवटी म्हणाला, “आणि एकीनं फक्त?” नोंदी आहेत तशाच पाठवायच्या, माझ्या चुकीसकट, असं ठरलं. त्याला शनिवारची वेळही मी सांगितली नाही, नुसतं पावणेसात ते साडेनऊ दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा म्हणालो.

शनिवारी मळ्यावर थंडी झोंबत होती. चौघांपैकी वेळ फक्त मला माहीत, म्हणून मी बघणाऱ्यांतून बाद झालो. अल्गॉलकडे पाठ करून पोत्यावर बसलो आणि दर पाव तासाला वेळ सांगत राहिलो, एवढंच माझं काम. बाकी तिघं एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर, कागद झाकून लिहायचे. बोलायचं नाही. सोपानरावांना ते फार जड गेलं, दर दहा मिनिटांनी ते खोकून पाहत. शंकरराव मात्र त्या दिवशी झोपले नाहीत. मान वर करून तेही बघत होते, कुठं बघायचं ते माहीत नसतानाही.

पाठ करून बसणं सोपं नसतं. सात पंधरा सांगितलं, सात तीस सांगितलं. मान वळवावी असं इतकं वाटत होतं की मी दोन्ही हातांनी पोतं धरून ठेवलं. समोर दक्षिणेचं आकाश होतं, ते इतक्या वर्षांत कधी एवढं नीट बघितलं नव्हतं. तिकडं मला काहीच ठाऊक नसल्यामुळं फार छान दिसत होतं.

साडेनऊला कागद गोळा केले आणि बॅटरीला लाल कागद बांधून वाचले. सोपानरावांचा सगळ्यात लहान आकडा सव्वासातला. माऊलीचा पावणेआठला. करुणाचा साडेसातला, एक. आधीचे आकडे पायरी पायरीनं उतरत आलेले, नंतरचे पायरी पायरीनं चढलेले.

“वेळ कितीची हुती?” तिनं विचारलं.

“सात अठ्ठावीस.”

ती वडिलांकडे बघून हसली, बस्स. मग सहज बोलल्यासारखी म्हणाली, “आज लॅबमधी एकबी चंबू कुनाला दावला न्हाई मी.” शंकररावांनी घोंगडीचं टोक तोंडावर ओढून घेतलं.

सोपानरावांनी पिठल्याचं पातेलं उघडलं. सगळे तिकडं सरकले. करुणा मात्र माझ्यासमोर कोरा कागद धरून उभी राहिली.

“तुमी बघितलाच न्हाई अजून. बघा की.”

मी उठलो, वळलो, वर बघितलं. ठळक तारा दिसला, फिका दिसला, मधे अल्गॉल. दोन तासांपूर्वी तो तळाला गेला होता, म्हणजे आता पाच असायला हवा. पाच दिसत होता. मग वाटलं, पाच असायला हवा म्हणून पाच दिसतोय. मग तीन वाटला. मग सहा. डोळ्यांत थंडीनं पाणी आलं, ते पुसून पुन्हा बघितलं.

“मला सांगता येत नाही गं,” मी म्हणालो.

“मंग तसंच लिवा, काका,” करुणा म्हणाली, आणि बॅटरी माझ्या कागदावर धरली.

मी वेळ लिहिली, नऊ अडतीस. आकड्याच्या जागी लिहिलं, सांगता येत नाही. खाली सही केली.